ग्रंथ आणि वाचकांचे अभिप्राय

मराठी वाङ्मयाचे जे इतिहास आपण शाळा-महाविद्यालयांतून शिकवितो, ते बहुतांशी ग्रंथकारांचे इतिहास आहेत. कोणी कोणत्या साली काय लिहिले, कोणत्या टीकाकाराने त्यास कोणते स्थान दिले, हे त्यांत व्यवस्थित सापडते. परंतु ते ग्रंथ ज्यांनी विकत घेतले, वाचनालयातून नेऊन वाचले, ज्यांना ते आवडले अगर ज्यांना त्यांचा संताप आला, त्या वाचकांचा इतिहास मात्र कोठेच सलग लिहिलेला नाही. वस्तुतः ग्रंथाचे भवितव्य ठरविण्यात या वाचकवर्गाचा वाटा लहान नाही. त्याच्या अभिप्रायाने कित्येक ग्रंथ तरले, काही बुडाले, आणि एका प्रसंगी तर ग्रंथकर्त्रीची लेखणीच थांबली. अशा काही निवडक ग्रंथांच्या साहाय्याने वाचकांचा अभिप्राय कसा बनतो आणि कसा पालटतो, याचा येथे थोडक्यात विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

अभिप्राय देण्यास प्रथम वाचक हवा, व वाचक घडण्यास ग्रंथ हाती यावयास हवा. छापील ग्रंथ ही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सामान्य माणसाच्या आवाक्यातील वस्तू नव्हती. रत्नागिरीस १८२८ साली, पुण्यास व आमच्या सीमाभागात बेळगावास १८४८ साली वाचनालये निघाली, ती ही अडचण काही अंशी दूर करण्यासाठीच. पुढे बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि लागलीच, १९१० साली, अमेरिकेतून बॉर्डन या तज्ज्ञास आणवून ग्रंथालयांचे स्वतंत्र खातेच उभारले. शिकविलेले अक्षर वाचनावाचून विसरले जाते, हे त्यांनी ओळखले होते. नियतकालिकांनी या कामास दुसऱ्या बाजूने हातभार लावला. १८३२ सालच्या ‘दर्पणा’पासून वाचकांची पत्रे छापण्याचा प्रघात पडला, आणि वाचक हा केवळ ऐकणारा न राहता बोलणारा झाला.

मराठीतील एक थोर ग्रंथ तर अशा पत्रांतूनच जन्मास आला. गोपाळ हरि देशमुख यांनी वयाच्या पंचविसाव्या वर्षी, १८४८ साली, भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रास ‘लोकहितवादी’ या सहीने पत्रे धाडण्यास आरंभ केला व १८५० पर्यंत अशी एकशे आठ पत्रे लिहिली. तीच ‘शतपत्रे’ होत. स्वसमाजाचे दोष इतक्या उघडपणे सांगणारे लेखन तोवर मराठीत झालेले नव्हते. त्यांवर सर्वांत तीव्र टीका आली ती मात्र तीस वर्षांनी. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली व तिचे चौऱ्याऐंशी अंक काढले. मालेच्या अखेरच्या काळात त्यांनी लोकहितवादींच्या विचारांवर व भाषेवर उपहासाचा असा काही भडिमार केला, की पुढील दोन-तीन पिढ्यांना लोकहितवादी दिसले ते विष्णुशास्त्र्यांच्या चष्म्यातून.

येथे आम्हांस स्वतःचा एक दोष कबूल केला पाहिजे. नोकरीच्या प्रारंभीची बरीच वर्षे आम्ही वर्गात ‘लोकहितवादींची भाषा ओबडधोबड व देशाभिमान उणा’ असे सांगत आलो. हा अभिप्राय आमचा नव्हता, तो मालाकारांचा होता. ‘शतपत्रे’ आम्ही मुळातून वाचली ती फार उशिरा. वाचल्यावर भाषा खडबडीत आहे खरी, असे वाटले. परंतु तो खडबडीतपणा घाईने व कळवळ्याने बोलणाऱ्या माणसाचा आहे, हेही ध्यानी आले. देशाभिमानाविषयी तर आमचे मत पुरते बदलले. मालाकारांची योग्यता याने कमी होत नाही. मराठी गद्यास त्यांनी जे तेज आणले, ते कोणीही नाकारणार नाही. पण थोर टीकाकाराचा अभिप्राय हा वाचनाचा आरंभ असावा, वाचनाचा मोबदला नव्हे, एवढा धडा आम्ही घेतला.

कथात्मक वाङ्मयाकडे पाहिले असता निराळाच देखावा दिसतो. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली व नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली प्रसिद्ध झाली. राजपुत्र, राजकन्या, कपटी प्रधान आणि अद्भुत योगायोग यांनी भरलेल्या या कादंबऱ्या वाचकांनी आवडीने वाचल्या आणि तशाच आणखी मागितल्या. सुशिक्षित मंडळींस हे रुचले नाही. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली नावल व नाटक यांविषयी जो निबंध लिहिला, त्यात या अद्भुताची कठोर झडती घेतली आहे. टीकाकारांचा रोख बरोबर होता, यात शंका नाही. तथापि या कादंबऱ्यांनीच मराठी माणसास मनोरंजनासाठी गद्य वाचण्याची सवय लाविली, हेही तितकेच खरे आहे. त्यांनी वाचक तयार करून ठेविला नसता, तर पुढे हरिभाऊंस तो मिळता कोठून?

हरि नारायण आपटे यांची ‘मधली स्थिति’ १८८५ सालची. परंतु वाचकाच्या अंतःकरणास त्यांनी खरा हात घातला तो ‘पण लक्षांत कोण घेतो’ या कादंबरीने. १८९० साली सुरू झालेल्या त्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकातून ती क्रमशः येत होती. यमुनेने स्वतः सांगितलेली आपली कहाणी, असे तिचे स्वरूप आहे. आठवड्यामागून आठवडा वाचक त्या मुलीच्या संसाराची व पुढे वैधव्याची हकीकत वाचीत होता. राजकन्येच्या दुःखाने क्षणभर हळहळून पुस्तक मिटता येते. यमूचे दुःख तसे मिटवून ठेवता येत नसे, कारण तशी यमू वाचकाच्या स्वतःच्या घरात, माजघरात वावरत होती. शिवाय या काळी एक नवा वाचक पुढे आला होता, तो म्हणजे वाचू लागलेली स्त्री. काशीबाई कानिटकर या लग्नानंतर अक्षर शिकल्या व पुढे स्वतः लेखिका झाल्या. त्यांचा व हरिभाऊंचा ग्रंथांविषयी व लेखनाविषयी पत्रव्यवहार चाले. ज्यांच्याविषयी ग्रंथ लिहिला जातो, त्यांच्यापैकीच कोणी त्यावर बोलू लागते तेव्हा ग्रंथकारास मिळणारी जाग निराळी असते.

परंतु ज्यांच्याविषयी ग्रंथ लिहिलेच जात नव्हते, त्यांचा अभिप्राय काय होता? तो जोतीराव फुले यांनी देऊन ठेविला आहे. १८८५ साली पुण्यास भरावयाच्या ग्रंथकारसभेचे निमंत्रण न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून त्यांना आले. जोतीरावांनी सभेस न जाता पत्र धाडले. त्याचा आशय असा, की जी मंडळी सर्व माणसांचे हक्क आचरणात मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही. आपल्या साहित्यसंमेलनांची परंपरा आपण १८७८ सालच्या पहिल्या ग्रंथकारसभेपासून मोजतो. त्या परंपरेच्या दुसऱ्याच पावलाशी हा नकार उभा आहे. पुस्तक न वाचता केलेली निंदा निराळी, आणि ‘या पुस्तकांत आम्ही कोठे आहो?’ असा पुस्तक वाचून केलेला प्रश्न निराळा. हा दुसऱ्या जातीचा अभिप्राय आहे. त्याचे उत्तर मराठी वाङ्मयास देता यावयास पुढे बरीच दशके लागली.

आता ज्या ग्रंथाच्या निमित्ताने हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे वळू. सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेस भ्रूणहत्येच्या आरोपावरून १८८१ साली फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली, परंतु त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतीची चर्चा सुरू झाली. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध लिहिला आणि १८८२ साली पुण्यास छापविला. जे दोष स्त्रियांच्या माथी मारता, ते पुरुषांत अधिक आहेत की नाहीत, हा त्यातील रोकडा सवाल आहे. लेखिकेस कोणत्याही विद्यालयाची पदवी नव्हती. भाषा बोलीची, म्हणींनी भरलेली आणि जळजळीत आहे. तीमागील तर्क मात्र एखाद्या वकिलासारखा बांधेसूद आहे.

या निबंधाचे वाचकांनी काय केले? पुस्तकातील प्रश्नास उत्तर देण्याऐवजी प्रश्न विचारणारीच्या धाडसावर बोट ठेवण्यात आले. सुधारकांच्या गोटातूनही तिच्यावर टीका झाली. जोतीरावांनी मात्र १८८५ च्या ‘सत्सार’ अंकात तिची बाजू ठामपणे उचलून धरली. पण हा एक अभिप्राय पुरेसा पडला नाही. ताराबाईंचे दुसरे पुस्तक नाही. हा निबंधही विस्मृतीत गेला, तो स. गं. मालशे यांनी शोधून १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत. आज या पुस्तकाचे भाषांतर झाले आहे, त्यावर प्रबंध लिहिले जातात, आणि भारतीय स्त्रीच्या विचारांचा इतिहास त्याच्या उल्लेखावाचून पुरा होत नाही. त्र्याण्णव वर्षांनी वाचकांनी आपला निकाल फिरविला. परंतु तो ऐकावयास लेखिका नव्हती, आणि मधल्या काळात तिने आणखी काय लिहिले असते, हे कोणत्याही संशोधकास शोधून काढता येणार नाही. अभिप्राय हा हवेत विरणारा शब्द नव्हे, हे यावरून समजावे.

पन्नास वर्षांनी हीच गोष्ट थोड्या फरकाने पुन्हा घडली. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने बाहेर आला. शिकलेल्या, मिळवत्या, परंतु अविवाहित राहिलेल्या मुलींच्या मनाची घुसमट त्यात प्रथमच उघडपणे मांडली होती. त्यावर मोठे वादळ उठले. वादळाचा भर कशावर होता? ही विभावरी कोण, ती खरोखर स्त्री आहे की कोणी पुरुष, यावर. लेखिका ताराबाईंपेक्षा शहाणी ठरली, कारण तिने टोपणनावाची ढाल आधीच घेतली होती. त्या ढालीआडून तिने १९३४ साली ‘हिंदोळ्यावर’ लिहिली व पुढेही लेखन चालू ठेविले. मालती बेडेकर हे तिचे खरे नाव आज सर्वांस ठाऊक आहे. त्याच १९३४ सालापासून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली व मराठी वाचकाने त्यांचे मनापासून स्वागत केले. धर्मांतरासारखा कठीण विषय असूनही हे घडले. लक्ष्मीबाईंच्या निर्मळ विनोदाने वाचकाचा संशय आधीच विरघळवून टाकला, असे आम्हांस वाटते.

अभिप्राय देताना आणखी एक सावधगिरी लागते, ती म्हणजे आपल्या हाती असलेला ग्रंथ खरोखर ग्रंथकाराचाच आहे काय, हे पाहण्याची. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली ग्वाल्हेरीकडे निघाले व बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला. त्यांनी लिहून ठेविलेली हकीकत त्यांच्या पश्चात, १९०७ साली, भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली. इंग्रजी अमदानीचा काळ आणि नागर भाषेची आवड यांमुळे वैद्यांनी मूळ लेखनात बरेच फेरफार केले होते. दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून १९६६ साली नवी आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा कोठे भटजींची खरी बोली वाचकांस ऐकू आली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे ‘भटजींच्या भाषेविषयी’ जे अभिप्राय दिले गेले, त्यांतील काही अंश वैद्यांच्या लेखणीविषयी होता! याचा दोष वाचकांकडे जात नाही. परंतु आवृत्ती कोणती, संपादक कोण, हे पाहण्याची सवय मुलांस का लावावी, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

या साऱ्या हकीकतींतून एक गोष्ट ध्यानात येते. वाचकाचा पहिला अभिप्राय पुष्कळदा ग्रंथकर्त्याच्या जातीविषयी, लिंगाविषयी, पक्षाविषयी अगर सभ्यतेविषयी असतो. ग्रंथाविषयी तो सावकाश होतो. ताराबाईंच्या बाबतीत त्या सावकाशीचे मोल एका लेखणीने दिले. हे अंतर कमी करणे आपल्या हाती आहे, कारण पुढचा वाचक आपल्याच वर्गात बसलेला आहे. परंतु आपण त्यास काय देतो? मार्गदर्शिकेतील तयार अभिप्राय! ‘लेखकाची भाषा ओघवती असून विषय हृदयस्पर्शी आहे’ हे वाक्य आम्ही प्रवासवर्णनावर, चरित्रावर आणि विनोदी कथेवरही, एकाच तुकडीच्या उत्तरपत्रिकांतून वाचले आहे. त्या मुलांनी ती पुस्तके वाचलीच नव्हती, आणि आम्ही त्यांस गुण दिले होते.

अलीकडे आम्ही शाळेच्या ग्रंथालयात एक साधी वही ठेविली आहे. पुस्तक परत करताना मुलाने तीत दोन गोष्टी लिहावयाच्या : पुस्तकातील कोणते पान पुन्हा वाचावेसे वाटले, आणि कोणती गोष्ट पटली नाही. पुस्तक चांगले की वाईट, हे लिहावयाचे नाही. लेखकाविषयीही काही लिहावयाचे नाही. प्रारंभी वही कोरीच राहिली. गेल्या वर्षी आठवीतील एका मुलीने ‘स्मृतिचित्रे’ परत करताना पानाचा आकडा घालून लिहिले, की लक्ष्मीबाई येथे हसतात, पण मला हसू आले नाही. आम्ही ते पान काढून पुन्हा वाचले. मुलीचे म्हणणे विचार करण्याजोगे होते. आपापल्या शाळांतून अशी वही ठेवण्याची विनंती आम्ही शिक्षकबंधुभगिनींस या निमित्ताने करीत आहो.