साइड इमेजिंग सोनार (मासेमारी)

साइड इमेजिंग सोनार हे होडीच्या डाव्या व उजव्या बाजूंना ध्वनिलहरी सोडून पाण्याच्या तळाचे चित्र तयार करणारे उपकरण आहे. मराठीत त्यास पार्श्वदर्शी सोनार असेही म्हणता येईल. मच्छीमारांच्या परिचयाचा साधा फिश फाइंडर केवळ होडीखालील खोली व मासे दाखवतो. साइड इमेजिंगमध्ये दोन्ही बाजूंचा काही दशक मीटर रुंदीचा पट्टा एकाच फेरीत दिसतो. या लेखात उपकरणाची कार्यपद्धती आणि महाराष्ट्रातील, विशेषतः अहिल्यानगर जिल्ह्याच्या परिसरातील जलाशयांवरील मासेमारीसाठी त्याची उपयुक्तता यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

मासे शोधण्यासाठी व्यवहार्य असे पहिले व्यापारी ध्वनियंत्र जपानमधील फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये बाजारात आणले. पार्श्वदर्शी सोनारचा विकास मात्र वेगळ्या मार्गाने झाला. १९६० च्या दशकात ते प्रामुख्याने सागरतळाचे सर्वेक्षण व बुडालेल्या जहाजांचा शोध यांसाठी वापरले जाई आणि त्याचा संवेदक जहाजामागे दोराने ओढावा लागे. होडीच्या मागील फळीवर बसवता येईल असा लहान संच अमेरिकेतील हमिनबर्ड कंपनीने २००५ च्या सुमारास आणला. तो गळाने मासेमारी करणाऱ्या हौशी लोकांसाठी होता, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

कार्यपद्धती

ट्रान्सड्यूसर प्रत्येक बाजूस पंख्यासारखा ध्वनिझोत सोडतो. हा झोत होडीच्या दिशेत अत्यंत अरुंद व आडव्या दिशेत रुंद असतो. एका स्पंदातून चित्राची एकच रेघ मिळते व होडी पुढे सरकते तशा रेघा जुळून चित्र बनते. म्हणून होडी सरळ रेषेत, साधारण ४ ते ८ किमी प्रतितास वेगाने चालणे आवश्यक असते. थांबलेल्या होडीत पडद्यावर त्याच जागेची रेघ पुन्हा पुन्हा उमटते, तर वळणावर चित्र ताणले जाते.

पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असल्याने ४५५ किलोहर्ट्झला तरंगलांबी ३.३ मिलिमीटर आणि ८०० किलोहर्ट्झला १.९ मिलिमीटर भरते. वारंवारता वाढली की चित्र रेखीव होते, पण पल्ला घटतो. झोत १ अंश रुंद असल्यास ३० मीटरवर त्याची रुंदी सुमारे अर्धा मीटर व ६० मीटरवर एक मीटर होते. त्यामुळे दूरचे दोन मासे एकच ठिपका म्हणून दिसू शकतात.

चित्राच्या मध्यभागी दिसणारा काळा पट्टा म्हणजे होडीखालचे पाणी. दगड व कठीण तळ उजळ, तर मऊ गाळ गडद दिसतो. उंच वस्तूच्या मागे सावली पडते आणि सपाट तळावर तिच्यावरून वस्तूची उंची काढता येते: सावलीच्या लांबीला तळापासून संवेदकाच्या उंचीने गुणून संवेदकापासून सावलीच्या टोकापर्यंतच्या अंतराने भागावे. संवेदक तळापासून ६ मीटरवर, सावली ४ मीटर आणि टोकाचे अंतर २४ मीटर असल्यास उंची १ मीटर येते. नवख्या वापरकर्त्याने वस्तूपेक्षा सावली वाचण्यास आधी शिकावे, कारण झाडाचा बुंधा ओळखू येतो तो बहुधा सावलीमुळेच.

मासा तळापासून वर असल्याने त्याचा ठिपका व त्याची सावली एकमेकांपासून अलग दिसतात. जात मात्र कळत नाही.

जलाशयांवरील उपयुक्तता

अहिल्यानगर शहरालगतच्या केडगावसारख्या भागाच्या दृष्टीने मोठी जलक्षेत्रे म्हणजे राहुरी तालुक्यातील मुळा धरणाचा ज्ञानेश्वरसागर, शेवगाव-नेवासे तालुक्यांना भिडणारा जायकवाडीचा नाथसागर आणि कर्जत तालुक्याच्या सीमेवर पसरलेले उजनीचे पाणलोट. येथे कटला, रोहू, मृगळ, मरळ आणि चिलापी हे मासे मिळतात. जलाशयातील मासेमारी मुख्यतः मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत ठेक्याने चालते.

उपकरणाचा खरा लाभ येथे मासे दिसण्यात नसून तळ दिसण्यात आहे. बुडालेली झाडे, विहिरींचे कठडे, बांध व घरांच्या भिंती यांत गिलनेट अडकून फाटते. उजनीत तर गावेच्या गावे पाण्याखाली गेली. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने मंदिर पाणी बरेच ओसरले की उघडे पडते. अशा अडथळ्यांच्या जागा जीपीएसवर नोंदवून ठेवल्यास जाळ्यांचे नुकसान टळते. हरवलेल्या जाळ्याचे पातळ नायलॉन सहसा दिसत नाही, मात्र त्याचे शिसे, तरंगक किंवा गुंता झालेला गोळा दिसू शकतो.

माशांचा प्रत्यक्ष शोध हा मुद्दा तितका प्रबळ नाही. गिलनेट संध्याकाळी लावून पहाटे काढले जाते. मासा त्या अवधीत फिरत येऊन अडकतो. दुपारी चार वाजता तो कोठे होता, हे समजल्याने फारसा फरक पडत नाही. गळ टाकणाऱ्याची गोष्ट वेगळी, कारण त्याला मासा आहे तेथेच आमिष पोहोचवायचे असते. शिवाय कटला पृष्ठभागाजवळ चरतो व होडीच्या चाहुलीने दूर जातो. तळाशी राहणारा मृगळ चिखलाच्या पार्श्वभूमीत मिसळून जातो.

दुसरी अडचण होडीची. वल्ह्याने चालणाऱ्या होडीचा वेग झटक्याझटक्याने बदलतो, तर थर्माकोलच्या तराफ्यावर संवेदक व १२ व्होल्टची बॅटरी बसवणे जवळपास अशक्यच. जलपर्णीने व्यापलेल्या भागात उपकरण चालत नाही. गढूळपणाने मात्र प्रकाशाइतका अडथळा येत नाही, हा त्याचा मोठा गुण होय.

उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यातील ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा आहे. टंचाईच्या वर्षी पाणी या मृतसाठ्यातही खोल उतरते आणि काठाकडचा विस्तीर्ण तळ उघडा पडतो. त्या वेळी साध्या मोबाइलवर अडथळ्यांच्या जागा टिपून घेतल्यास उथळ भागाचा नकाशा विनाखर्च तयार होतो. सोनारची गरज उरते ती कधीच उघड्या न पडणाऱ्या खोल पात्रापुरती.

सागरी मासेमारीत

कोकण किनाऱ्यावर स्थिती आणखी वेगळी आहे. समुद्राच्या पाण्यातील मॅग्नेशियम सल्फेट वगैरे क्षारांमुळे उच्च वारंवारतेचा ध्वनी गोड्या पाण्यापेक्षा जास्त शोषला जातो, त्यामुळे बाजूचा पल्ला कमी होतो. लाटांनी होडी डोलल्यास चित्रही नागमोडी येते. वसई, उत्तन, वर्सोवा येथील डोल जाळी भरती-ओहोटीच्या प्रवाहात स्थिर उभी असतात. त्यांना मासा शोधावा लागत नाही. ट्रॉलरला खडक व बुडालेली जहाजे टाळण्यासाठी उपयोग होऊ शकतो, पण अधिक खोलीवर ५० किंवा २०० किलोहर्ट्झचा साधा सोनारच विश्वासार्ह ठरतो. पर्ससीन नौकांना लागणारा, थवे शोधण्यासाठी सर्व दिशांना झोत फिरवणारा सोनार हा निराळा व बराच महाग प्रकार असून विक्रेत्यांच्या बोलण्यात दोहोंची गल्लत होते. मासे कोणत्या क्षेत्रात असण्याची शक्यता आहे, याची सूचना हैदराबादची इन्कॉइस ही संस्था विनामूल्य देते.

खरेदीचा विचार

वर्षभरात अडकून फाटणाऱ्या जाळ्यांची किंमत आणि दुरुस्तीत बुडणारे दिवस यांची बेरीज संचाच्या किमतीशी ताडून पाहणे, हा व्यवहार्य निकष आहे. संचाबरोबर बॅटरी, चार्जर व संवेदकाची बैठक यांचाही खर्च धरावा लागतो. पाच इंची पडद्यावर दोन्ही बाजूंचे चित्र अतिशय दाटते आणि भर उन्हात ते वाचणे कठीण जाते. सात इंचांखालील पडदा या कामासाठी अपुरा मानावा.

तळ दररोज बदलत नाही, त्यामुळे एकदा नोंदलेला अडथळा अनेक हंगाम उपयोगी पडतो. या कारणाने एकट्या होडीमालकाने संच घेण्यापेक्षा संस्थेने एक संच घेऊन इंजिनाच्या होडीवरून पाहणी करणे व नोंदी सभासदांना देणे अधिक किफायतशीर ठरते. असा संच बुडालेली होडी शोधण्यासही उपयोगी पडू शकतो. २१ मे २०२४ रोजी उजनीत कुगाव ते कळाशी या मार्गावर वादळात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला होता.