फ्लेव्हिया द लूस
कॅनडाचे लेखक ॲलन ब्रॅडली यांच्या रहस्यकादंबरी-मालिकेची बालनायिका. पहिल्या कादंबरीत (२००९) ती अकरा वर्षांची आहे; काळ १९५०, स्थळ इंग्लंडमधील बिशप्स लेसी हे काल्पनिक गाव. बकशॉ या जुन्या वाड्यात पूर्वजाने उभारलेली रसायनशाळा हे तिचे राज्य, आणि विषे हा खास आवडीचा विषय. थोरल्या बहिणीच्या लिपस्टिकमध्ये खाजऱ्या वेलीचा अर्क मिसळण्यापर्यंत तिची मजल जाते. दारात चोचीत टपालतिकीट खुपसलेला मेलेला पक्षी सापडतो, मग काकडीच्या वाफ्यात एक अनोळखी माणूस तिच्यासमोर प्राण सोडतो, आणि तिचा तपास सुरू होतो. वय पुढे जेमतेम बारापर्यंत सरकते. वाढते ती जाण. तिबेटात हरवलेल्या आईचा मृतदेह परत येतो, तिला टोरांटोच्या शाळेत धाडले जाते, नंतर वडीलही जातात. खुनांच्या कोड्यांपेक्षा हे पोरकेपणच मालिकेला वजन देते. २०१९च्या कादंबरीत ती घरचा विश्वासू सेवक डॉगर याच्यासह गुप्तहेर-संस्था चालवते.