जज बिझनेस स्कूलची इमारत, केंब्रिज

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या व्यवस्थापन शिक्षणसंस्थेची वास्तू. शहराच्या दक्षिणेकडे जाणाऱ्या ट्रम्पिंग्टन रस्त्यावर, फिट्झविल्यम संग्रहालयाच्या जवळपास समोर ती उभी आहे. १७६६ ते १९८४ अशी दोनशेहून अधिक वर्षे येथे ॲडनब्रुक्स रुग्णालय होते. विद्यापीठाची संस्था १९९५ पासून येथे नांदते आहे. जुने केंब्रिजकर अजूनही या जागेला ‘जुने ॲडनब्रुक्स’ म्हणतात.

रस्त्याच्या कडेने दगडी पाटांतून पाणी खेळते. सतराव्या शतकाच्या आरंभी शहरात आणलेल्या या पाण्याला टॉमस हॉब्सनचे नाव आहे. हा केंब्रिज–लंडन मालवाहतूक करणारा आणि भाड्याने घोडे देणारा व्यावसायिक होता. गिऱ्हाइकाने दाराजवळचाच घोडा घ्यायचा, नाहीतर चालू लागायचे, हा त्याचा नियम. त्यामुळे सगळ्या घोड्यांना पाळीपाळीने विश्रांती मिळे. व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेला याहून शोभेसा शेजार मिळणे कठीण.

रुग्णालयाच्या मुळाशी एक मृत्युपत्र आहे. सेंट कॅथरिन्स महाविद्यालयाचे फेलो असलेले डॉ. जॉन ॲडनब्रुक १७१९ मध्ये ऐन चाळिशीच्या उंबरठ्यावर वारले. गावात गरिबांसाठी लहानसे रुग्णालय काढावे म्हणून त्यांनी सुमारे साडेचार हजार पौंड मागे ठेवले होते. पण पैसा होता म्हणून इमारत उठली नाही. विश्वस्तांची दिरंगाई, कज्जे आणि अपुरी पडत गेलेली रक्कम यांत जवळजवळ अर्धे शतक गेले. अखेर १७६६ मध्ये वीस खाटांचे रुग्णालय उघडले. पुढच्याच वर्षी संसदेच्या कायद्याने त्याला सार्वजनिक रुग्णालयाचे रूप आले आणि खर्चासाठी वर्गणी गोळा होऊ लागली. त्या काळच्या धर्मादाय रुग्णालयांत रोग्याला आधी एखाद्या वर्गणीदाराची शिफारसचिठ्ठी मिळवावी लागे.

एकोणिसाव्या शतकात शल्यविशारद जॉर्ज हम्फ्री यांच्यासारख्यांमुळे रुग्णालयाचे नाव झाले आणि जागा अपुरी पडू लागली. १८६० च्या दशकात मॅथ्यू डिग्बी वायट या वास्तुविशारदाने इमारत वाढवून तिचा चेहरामोहराच बदलला. रंगीत विटांची नक्षी आणि कमानींच्या ओळी असलेले आज रस्त्यावरून दिसणारे दर्शनी अंग मुख्यतः त्याचे. कमानींमागे ऐसपैस सज्जे आहेत. रोग्याला खेळती हवा हवी, ही त्या काळातील रुग्णालय-रचनेची श्रद्धा होती. वायटचे नाव भारतीय वाचकाला अनोळखी वाटेल, पण ईस्ट इंडिया कंपनीचा आणि पुढे भारतमंत्र्यांच्या कचेरीचा वास्तुविशारद तोच होता. लंडनच्या इंडिया ऑफिसमधील प्रसिद्ध दरबार चौक त्याचाच. ज्या वर्षांत तो केंब्रिजच्या गरिबांसाठी सज्जे बांधत होता, त्याच सुमारास हिंदुस्थानचा कारभार जिथून चालायचा त्या कचेरीची अंतर्सजावटही करत होता.

१९४८ मध्ये रुग्णालय राष्ट्रीय आरोग्य सेवेत आले. पण गावाच्या मध्यात ते वाढणार तरी किती? शहराबाहेरच्या बाजूला हिल्स रोडवर नवे संकुल उभे राहिले, त्याचा पहिला टप्पा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस सुरू झाला आणि १९८४ मध्ये जुन्या इमारतीतील उरलेसुरले काम थांबले. ॲडनब्रुक हे नाव रुग्णालयाबरोबर नव्या जागी गेले. मागे राहिली नाव गमावलेली, रिकामी इमारत.

इकडे विद्यापीठाला व्यवसायशिक्षणाची घाई कधीच नव्हती. अभियांत्रिकी विभागात १९५४ पासून व्यवस्थापन शिकवले जाई, एवढेच. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय १९१३ मध्ये आणि जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था १९६५ मध्ये निघाली; केंब्रिजची स्वतंत्र संस्था मात्र १९९० ची. व्यापार शिकवणे हे विद्वत्तेच्या पायरीला शोभते का, ही जुन्या विद्यापीठांची धाकधूक या उशिरामागे असावी. ती विरघळवली देणगीने. ट्रिनिटी महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी पॉल जज यांनी कॅडबरी श्वेप्सचा खाद्यपदार्थांचा व्यवसाय सहकाऱ्यांसह विकत घेऊन ‘प्रीमिअर ब्रँड्स’ उभी केली होती. टायफू चहा तेव्हा तिचाच होता. ही कंपनी विकून झाल्यावर त्यांनी पत्नी ॲनसह विद्यापीठाला ८० लाख पौंड दिले. सायमन सेन्सबरी यांच्या मॉन्युमेंट ट्रस्टने आणखी ५० लाखांची भर घातली. इमारतीला नवे आडनाव मिळाले.

रूपांतराचे काम जॉन आउट्रम यांच्याकडे आले. मलायात १९३४ मध्ये जन्मलेल्या आउट्रम यांची आधीची गाजलेली वास्तू म्हणजे लंडनच्या आइल ऑफ डॉग्जमधील एक पंपगृह, तेही देवळासारखे रंगवलेले. केंब्रिजमध्ये त्यांनी वायटचे दर्शनी अंग राखले आणि त्याच्या मागे नवी वास्तू रचली. वास्तूच्या भागांना त्यांनी ‘नौका’, ‘दालन’ आणि ‘किल्ला’ अशी नावे दिली. मधले उंच दालन हा या इमारतीचा प्राण. तळापासून छतापर्यंत मोकळ्या त्या पोकळीत जिने आडवेतिडवे अधांतरी जातात, मध्येच सज्जे फुटतात, जाता-येता माणसे एकमेकांच्या नजरेस पडतात. शिक्षण वर्गापेक्षा जिन्यावरच्या गप्पांत जास्त होते, हा अंदाज येथे दगडविटांत उतरवला आहे. आउट्रम यांचे अवाढव्य खांब हा दुसरा विशेष. हे खांब भरीव नाहीत. इमारतीच्या यंत्रणांच्या नळ्या आणि तारा त्यांच्या पोटातून जातात. एरवी आधुनिक इमारतीत छताआड लपवलेला पसारा इथे खांबांत घालून त्यालाच शोभा केले आहे.

राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते इमारतीचे उद्घाटन झाले. लाल, पिवळा, हिरवा, निळा असा रंगांचा भडिमार केंब्रिजच्या फिकट दगडांत वाढलेल्या अनेकांना रुचला नाही. टीका अगदीच अनाठायी म्हणता येत नाही, कारण आतल्या रंगांत काही ठिकाणी खेळण्याचा उथळपणा आहे. पण वायटची बहुरंगी वीट बारकाईने पाहिली तर आउट्रम यांनी त्याच सुरात, फक्त चढ्या पट्टीत गायिले आहे हे ध्यानात येते. पुढे १९९६ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात डंकन हॉल बांधताना ते यापेक्षाही पुढे गेले. तेथे छतभर चित्र आहे.

संस्थेचे नाव २००५ मध्ये जज बिझनेस स्कूल आणि २०१० मध्ये केंब्रिज जज बिझनेस स्कूल झाले. भारतीय व्यवसायाचे जवाहरलाल नेहरू अध्यासनही येथेच आहे. स्टँटन विल्यम्स या वास्तुविशारद संस्थेने रचलेले सायमन सेन्सबरी केंद्र २०१८ मध्ये जोडले गेले. ते मुद्दाम शांत, फिक्या विटांचे ठेवले आहे. रुग्णालयाच्या जुन्या बाह्यरुग्ण विभागात आता उपाहारगृह चालते. आउट्रम यांच्या कामाला वारसा संरक्षणही मिळाले आहे. तेव्हा ते रंग पुसून टाकावेत अशी ज्यांची इच्छा होती, त्यांना आता आधी रीतसर परवानगी काढावी लागेल.