दीक्षा: शिक्षकांचे सामायिक साहित्य, सर्वांसाठी विनामूल्य

दीक्षा म्हणजे काय?
शालेय शिक्षणासाठीचा राष्ट्रीय डिजिटल मंच. सुरुवात: ५ सप्टेंबर २०१७.

शिक्षकांना काय मिळते?
धडे, प्रश्नसंच आणि ‘निष्ठा’सारखे प्रशिक्षण अभ्यासक्रम. प्रशिक्षण व प्रमाणपत्रासाठी लॉगिन आवश्यक आहे.

साहित्यात भर कशी घालावी?
‘विद्यादान’ उपक्रमातून शिक्षक स्वतः तयार केलेले साहित्य देऊ शकतात. तज्ज्ञांनी तपासल्यानंतरच ते प्रकाशित होते.

विद्यार्थी व पालकांनी काय करावे?
पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन करा. साहित्य पाहण्यासाठी लॉगिन लागत नाही. घरी इंटरनेट नसल्यास, जेथे मिळेल तेथे साहित्य डाउनलोड करून घ्या. नंतर ते इंटरनेटशिवायही पाहता येते.

लक्षात ठेवा
या साहित्यासाठी शुल्क नाही. कोणी पैसे मागितल्यास देऊ नका.