कुलमुखत्यारपत्र : आई-वडील शुद्धीवर असतानाच करायची कामे

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आलाय, ते कोणाला ओळखत नाहीत. निवृत्तीचे पैसे त्यांच्या एकट्याच्या खात्यात आहेत आणि मुलाच्या हातात आधीच करून ठेवलेले कुलमुखत्यारपत्र आहे. वस्तीत काम करताना असा मुलगा अधूनमधून भेटतो. ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निकामी झाला हे त्याला सांगणे जिवावर येते.

मुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा दुसऱ्याला दिलेला अधिकार. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 201 प्रमाणे, अधिकार देणारी व्यक्ती मरण पावली किंवा तिची समज गेली की हा अधिकार संपतो. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असल्यास अपवाद आहे, पण घरगुती मुखत्यारपत्रात तो सहसा नसतो. नोटरी केली, नोंदणी केली, तरी यात फरक पडत नाही.

इंग्लंड-वेल्समध्ये यावर उपाय आहे. तिथल्या 2005 च्या कायद्याने समज गेल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र आणले. पैसा-मालमत्तेसाठी एक आणि उपचार-देखभालीसाठी दुसरे. भारतात अशी सर्वसाधारण तरतूद नाही. त्यामुळे आपल्याला तुकड्या-तुकड्यांनी सोय करावी लागते.

सर्वात आधी बँक. आईचे किंवा वडिलांचे खाते ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीने संयुक्त करून घ्या. नुसत्या वारस-नोंदीवर विसंबू नका, ती मृत्यूनंतरच उपयोगी पडते. समज शाबूत आहे पण हात चालत नाही, अशा वेळी मात्र घाबरू नका. अंगठ्याचा, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर चालतो. त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. खिडकीवरून परत पाठवले तर हा नियम सांगून शाखाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या.

उपचारांचे कागद वेगळे. मरणासन्न अवस्थेत कृत्रिम उपचार नकोत, हे आधी लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिली. 2023 मध्ये पद्धत सोपी झाली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे. आपल्या वतीने कोणी बोलायचे, त्यांची नावे त्यातच लिहायची. मानसिक आजाराच्या उपचारापुरता मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 प्रमाणे साध्या कागदावर, सहीने किंवा अंगठ्याने, प्रतिनिधी नेमता येतो. तो बँकेत चालणार नाही.

रेल्वे, महापालिका, पोस्टातून निवृत्त झालेली आपल्याकडची कित्येक माणसे घरातली पहिली पेन्शनवाली, पहिली खोलीवाली. ‘बाबा, कागद करू या’ म्हटले की त्यांना वाटते, पोराचा डोळा खोलीवर आहे. ही शंका अगदीच खोटी नसते. म्हणून कुलमुखत्यारपत्राऐवजी ठरावीक कामापुरते विशेष मुखत्यारपत्र करा, खोली विकण्याचा अधिकार त्यात घालू नका, आणि सगळ्या भावंडांसमोर, बहिणींसकट, मोठ्याने वाचून दाखवा. समज असेपर्यंत ते रद्द करता येते, हेही त्यांना सांगा.

समज गेलीच असेल तर वाट न्यायालयाची. बेशुद्धावस्थेतील पतीची पालक म्हणून पत्नीला मुंबई उच्च न्यायालयाने 2020 मध्ये नेमले आहे. वैद्यकीय कागद आणि मालमत्तेचा तपशील तयार ठेवा आणि जिल्हा किंवा उच्च न्यायालयाच्या विधी सेवा कार्यालयात मोफत वकिलासाठी अर्ज करा. महिला आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.