गुडघा, ज्युदो आणि जमीन

आखडलेले अंग ताणून, दाबून, चोळून सैल करायचे, हा आपला सर्वसाधारण समज. विसाव्या शतकात काही मंडळींनी वेगळी वाट धरली: जमिनीवर आडवे व्हा, अगदी लहान हालचाल सावकाश करा आणि ती होताना काय जाणवते तिकडे लक्ष द्या. या मंडळींतले ठळक नाव मोशे फेल्डेनक्रायस (१९०४–१९८४). त्यांच्या पद्धतीचे मूळ जितके शरीरशास्त्रात आहे तितकेच ज्युदोच्या आखाड्यात आहे, असे माझे मत आहे.

आजच्या युक्रेनमधील स्लावुता गावी जन्मलेले फेल्डेनक्रायस किशोरवयातच पॅलेस्टाइनला गेले. तिथे त्यांनी मजुरी केली, शिक्षण पुरे केले. १९२९ मध्ये फुटबॉल खेळताना त्यांचा गुडघा दुखावला. पुढे पॅरिसमध्ये ते अभियंता झाले, जोलिओ-क्यूरी यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. १९३३ मध्ये तिथेच त्यांची भेट ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांच्याशी झाली. कमीत कमी शक्तीचा जास्तीत जास्त उपयोग, हे कानोंचे सूत्र. प्रतिस्पर्ध्याने ढकलले तर त्याला अडवायचे नाही, त्याच्याच जोराबरोबर जायचे.

दुसऱ्या महायुद्धात फेल्डेनक्रायस ब्रिटिश नौदलासाठी स्कॉटलंडमध्ये पाणबुडीशोधाच्या संशोधनात होते. गुडघ्याने तिथे पुन्हा दगा दिला. शस्त्रक्रिया गुण देईलच याची हमी नव्हती. ती त्यांनी नाकारली आणि स्वतःच्या चालण्याचाच अभ्यास मांडला. १९४९ मध्ये या विषयावरचे त्यांचे पहिले पुस्तक निघाले.

त्यांचा मुख्य मुद्दा असा: आखडलेला स्नायू मज्जासंस्थेच्या आज्ञेवरून आकुंचन पावत असतो. त्याला झटक्याने ताणले तर प्रतिक्षिप्त क्रियेने तो अधिकच आवळतो. म्हणून बदलायची ती आज्ञा. ज्युदोतले न अडवण्याचे तत्त्व इथे स्वतःच्याच स्नायूला लागू झालेले दिसते. जमीन कशासाठी, याचेही उत्तर यातच आहे. उभे असताना तोल सांभाळण्यासाठी अनेक स्नायू सतत राबतात. आडवे झाले की ते काम सुटते.

हालचाल लहान का, याचे कारण एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांच्या नियमात सापडते. डोक्यावर धान्याचे पोते असताना वर मूठभर दाणे पडले तरी कळत नाही. तळहातावर पीस असेल तर त्यावर माशी बसलेलीही कळते. जोर जितका कमी, तितका बारीक फरक जाणवतो.

त्यांच्या १९७२ च्या पुस्तकातला एक पाठ पाहा. पाठीवर निजून गुडघे दुमडायचे, ओटीपोटामागे घड्याळाची तबकडी आहे असे कल्पायचे. कंबरेकडे बारा, माकडहाडाकडे सहा. मग शरीराचा भार एकेका आकड्यावरून हलकेच फिरवायचा. कुठल्या आकड्यावर श्वास अडतो, कुठे जबडा आवळतो, ते ज्याचे त्यालाच कळते.

गंमत अशी, की फेल्डेनक्रायस यांचे नाव गाजले ते डोक्यावर उभ्या राहिलेल्या शिष्यामुळे. सत्तरी गाठलेले इस्रायलचे पंतप्रधान बेन-गुरियन यांचे १९५७ चे समुद्रकिनाऱ्यावरील शीर्षासनाचे छायाचित्र जगभर पोचले. जमिनीवर निजून इंच-इंच हलणाऱ्या माणसांचे छायाचित्र कोण छापणार?

१९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या त्यांच्या प्रशिक्षणवर्गात थॉमस हॅना हे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते. वर्षानुवर्षे आवळलेला स्नायू सैल कसा सोडावा हेच मेंदू विसरतो, असे हॅनांनी मांडले. त्यांचा उपाय म्हणजे आधी तोच स्नायू हळुवार आवळायचा, मग सावकाश सोडायचा. झोपेतून उठलेले मांजर हेच करते. आपल्याकडे त्याला आळोखेपिळोखे म्हणतात, आणि चारचौघांत ते देणे असभ्य मानतात.

या पद्धतींच्या गुणांचा वैज्ञानिक पुरावा अद्याप माफक आहे. त्यांना रामबाण म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. तरीही इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्यांचे मोल वाटते. यंत्रांची नस जाणणाऱ्या एका अभियंत्याने शरीराला यंत्र मानून दुरुस्त करण्याऐवजी त्याला शिकणारा विद्यार्थी मानले, आणि विद्यार्थ्यावर जबरदस्ती करून काही साधत नाही हे ओळखले.