ड्रुइड : इतिहासांतला आणि खेळांतला

गेल्या सुटींत आमच्या घरीं एक विलक्षण पुरुष रोज रात्रीं अवतीर्ण होत असे. बांधा दणकट, डोक्यावर जनावराचें शिर टोपासारखें चढविलेलें. शत्रु दिसतांच तो लांडगा होई, संकट ओढवलें म्हणजे अस्वल होई, आणि पुनः मनुष्यरूप घेऊन वावटळ उठवी. आमच्या चिरंजीवांच्या संगणकाच्या पडद्यावर त्याचा संचार चाले. खेळाचें नांव ‘डायाब्लो’, पात्राचें नांव ‘ड्रुइड’. आम्ही रागावण्याच्या बेतांत होतों, पण हें नांव ऐकून थबकलों. “बाबा, तुमच्या इतिहासांतल्या ड्रुइडांना असें रूप पालटतां येत असे का?” असें चिरंजीवांनीं विचारलें, आणि उत्तर जुळवावयास आम्हांस आठ दिवस लागले.

ड्रुइड हे प्राचीन गॉल व ब्रिटन देशांतील केल्टिक लोकांचे धर्माचार्य. त्यांची सर्वांत विस्तृत हकीकत ज्युलिअस सीझरनें गॉलमधील आपल्या मोहिमांच्या वृत्तांताच्या सहाव्या भागांत दिली आहे. ते यज्ञबलि चालवीत, तंटे तोडीत, तरुणांना शिकवीत. कित्येक शिष्य वीस वीस वर्षें अध्ययन करीत. इतर व्यवहारांत ग्रीक अक्षरें वापरीत असूनहि आपली विद्या लिहून ठेवणें त्यांना निषिद्ध वाटे. आत्मा मरत नाहीं, एका देहांतून दुसऱ्यांत जातो, अशी त्यांची शिकवण होती. मुखोद्गत विद्येची महती जाणणाऱ्या आमच्या वाचकांस हें सारें फारसें परकें वाटूं नये. थोरला प्लिनी सांगतो कीं, ते शुभ्र वस्त्रें नेसून ओक वृक्षावरील बांडगूळ सोन्याच्या कोयत्यानें कापीत. नरबळीचाहि आरोप रोमन लेखकांनीं त्यांच्यावर केला आहे. पण ते लांडगा किंवा अस्वल होत, असें या दोघांपैकीं कोणीहि म्हणत नाहीं.

मग हें रूपांतर आलें कोठून? पहिल्या शतकांतील रोमन भूगोलकार पॉम्पोनिअस मेला यानें सेना नांवाच्या बेटावरील नऊ कुमारिकांचें वर्णन केलें आहे. त्या मंत्रबळानें वारे व समुद्र खवळवीत आणि वाटेल त्या प्राण्याचें रूप घेत. मात्र मेला त्यांना ड्रुइड म्हणत नाहीं. वेल्स देशाच्या मध्ययुगीन ‘मॅबिनोगी’ कथांत माथ नांवाचा राजा आपल्या दोघां भाच्यांना शिक्षा म्हणून हरिण, डुक्कर व लांडगा बनवितो. उत्तरेकडील आइसलंडच्या गाथांत लांडग्याचें कातडें पांघरून लांडगे होणारे वीर आहेत, आणि अस्वलरूपानें लढणारा बॉडव्हार ब्यार्की आहे. हे प्रवाह मूळचे निराळे. ते आमच्या काळांत एकत्र आले.

इ. स. १९७४ सालीं अमेरिकेंत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद-फाशांचा खेळ निघाला. त्याच्या १९७५ च्या पुरवणींत ड्रुइड प्रथम शत्रुपक्षांत आला. १९७६ च्या पुरवणींत खेळणाऱ्यालाच ड्रुइड होतां येऊं लागलें, आणि प्राण्याचें रूप घेण्याची शक्ति त्याला होतीच. २००१ सालीं ‘डायाब्लो’च्या दुसऱ्या भागाला जोड मिळाली, तींत हा पुरुष दाखल झाला. त्याच्या विद्येच्या तीन शाखा आहेत : पंचभूतें, रूपांतर आणि आवाहन. त्यानें आवाहन केलेल्या एका आत्म्याचें नांव ‘ओक सेज’ आहे. म्हणजे प्लिनीचा वृक्ष अजून उभा आहे! येथें एकदां पशुरूप घेतलें कीं बहुतेक मंत्र बंद पडतात. बळ हवें कीं विद्या हवी, हें आधीं ठरवावें लागतें. २०२३ सालच्या चौथ्या भागांत मात्र प्रत्येक कृतीबरोबर रूप आपोआप पालटतें. आम्हांस जुना नियम अधिक भावला, कारण त्यांत शक्तीची किंमत मोजावी लागते.

परंतु ज्याच्या त्याच्या कल्पनेनें ड्रुइडच कां रंगविला जावा? कारण त्यांचा स्वतःचा एकहि ग्रंथ उरला नाहीं. इ. स. ६० च्या सुमारास रोमन सेनापति सुएटोनिअस पॉलिनस यानें ब्रिटनमधील मोना बेट जिंकलें व तेथील पवित्र वनें तोडलीं, असें टॅसिटस सांगतो. ज्यांची विद्या डोक्यांत असते त्यांचीं डोकीं गेलीं म्हणजे ग्रंथालयच जळतें. पुढें जें उरलें, तें जेत्यांच्या लेखणींतून उरलें. आणि सीझर तर त्यांच्याच देशावर चालून गेला होता. त्या रिकाम्या जागेंत अठराव्या शतकांत विल्यम स्टकलीनें स्टोनहेंज ड्रुइडांचें मंदिर म्हणून उभें केलें. वस्तुतः त्या शिळा सीझरच्या पूर्वीं दोन सहस्रांहून अधिक वर्षें उभ्या होत्या. पंडितांनीं जें केलें तेंच खेळ रचणाऱ्यांनीं केलें, तर दोष एकट्या त्यांना कसा द्यावा?

“म्हणजे माझा ड्रुइड खोटा?” चिरंजीवांचा चेहरा उतरला. “खोटा खरा,” आम्ही म्हणालों, “पण सीझरचा पुरता खरा आहे, असें तरी कोण सांगणार? त्याला साक्षीदार विचारावयास उरला कोण?” चिरंजीव थोडा वेळ गप्प बसले, आणि मग त्यांनीं आपली जागा आम्हांस दिली. आम्ही पाव घटका खेळलों आणि तीनदां मेलों. तिन्ही वेळां चूक एकच : अस्वलाच्या रूपांत असतां आम्ही मंत्र म्हणावयास जात होतों.